दारातली म्हैस

"हे अपयश चालणार नाही," बेहेरे म्हणाले. "दुसरं काही आहे का?"

माझं अपयश मी त्यांना नुकतंच सांगून संपवलं होतं. चाकणच्या कारखान्यात मी उत्पादनाचा जनरल मॅनेजर असताना माझ्या हट्टापायी एक परदेशी मशिन घेतलं गेलं. खालची माणसं नको म्हणत होती, मी कोणाचं ऐकलं नाही. मशिन आलं, बसलं, पण आमचं काम त्याला कधी जमलंच नाही, आणि शेवटी आम्ही त्याच्यावर ताडपत्री टाकली. पुढे काय झालं, असं बेहेऱ्यांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. पुढे काही झालं नाही. मशिन ताडपत्रीखाली आहे आणि मी घरी आहे.

"याला शेवटच नाही टिपणीस," ते म्हणाले. "अपयश असं हवं, की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, बरं झालं हा माणूस एकदा पडला."

सुहृद बेहेरे हे पुण्यात बाणेरला मोठ्या साहेबांच्या नोकऱ्यांचं क्लिनिक चालवत. क्लिनिक हा त्यांचाच शब्द. आमच्यासारखे पन्नाशी ओलांडलेले, कंपनीने दार दाखवलेले साहेब तिथे आठवड्यातून दोनदा जमत आणि लंबगोल टेबलाभोवती बसून नोकरी कशी मिळवावी ते शिकत. भिंतीवर बर्फाच्या शिखराचा फोटो होता. बेहेऱ्यांनी स्वतः किती नोकऱ्या केल्या, याचा पत्ता मात्र कोणालाच नव्हता. माझी बायको सुनेत्रा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारत होती, आणि मी दर वेळी विषय बदलत होतो, कारण फी भरून झाली होती.

तिथे काही शब्दांना बंदी होती. 'मला काढलं' असं म्हणायचं नाही, 'मी सध्या स्थित्यंतरात आहे' असं म्हणायचं. 'रिकामा आहे' म्हणायचं नाही, 'पर्याय तपासतोय' म्हणायचं. प्रत्येकाने 'स्वतंत्र सल्लागार' अशी कार्डं छापून घ्यायची. माझी कार्डं आली त्या दिवशी सुनेत्राने एक उचलून नीट वाचलं आणि सल्ला कोणाला देतोस, एवढंच विचारलं.

दुसरा मोठा नियम असा, की ओळखीच्या माणसाकडे नोकरी कधीही मागायची नाही, मार्गदर्शन मागायचं. मार्गदर्शन मागितलं की समोरचा सुखावतो आणि नोकरी आपण होऊन देतो, असं बेहेऱ्यांचं शास्त्र होतं. मी इमानेइतबारे सगळ्या जुन्या ओळखी काढल्या आणि मार्गदर्शन मागितलं. लोकांनी ते भरभरून दिलं. एकाने प्राणायाम सांगितला. एकाने मुळशीकडे जमीन घेऊन हळद लावायला सांगितली. ज्याला मी हाताला धरून कामाला लावलं होतं, त्याने तर पाऊण तास आयुष्याच्या दुसऱ्या डावाविषयी सांगितलं आणि घाईत निघून गेला. दिवाळीत गेलेली नोकरी, होळी झाली, पाडवा झाला, आणि मला एकही बोलावणं आलं नाही. सोसायटीत लोक विचारत, हल्ली घरीच असता वाटतं? मी म्हणे, स्थित्यंतरात आहे. एका म्हाताऱ्या बाईंनी काळजीने विचारलं, औषध काय चाललंय.

हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी माणूस एकदा बाजूला पडला की पुन्हा ओळीत येत नाही, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. मला काम हवं होतं. पगारासाठी तर हवं होतंच, पण त्याहून जास्त सकाळी उठून कुठेतरी जायला हवं होतं.

तर त्या दिवशी माझं अपयश नापास झालं आणि बेहेऱ्यांनी मला त्यांच्याकडचं एक दिलं. त्याला तिथे भट्टीची गोष्ट म्हणत. ती अशी. एका कारखान्याचा प्रमुख. भट्टीवरचा जुना माणूस त्याला सांगतो, साहेब, भट्टीचं अस्तर झिजलंय, आज धातू वितळवू नका. साहेब ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी वितळलेला धातू फुटून बाहेर येतो आणि त्या माणसाचा पाय भाजतो. मग साहेब स्वतः त्याच्या घरी जातो, त्याच्या आईपुढे हात जोडतो. तिथून पुढे भट्टीवरच्या माणसाचा शब्द शेवटचा, असा नियम होतो आणि त्या कारखान्यात पुन्हा अपघात होत नाही.

"हात जोडतो, इथे थांबायचं," बेहेरे म्हणाले. "आणि चष्मा काढायचा. सावकाश. पुसायचा नाही, नुसता काढायचा."

मी म्हटलं, आमच्याकडे भट्टी नव्हती. ते म्हणाले, आधीच्या नोकरीतली दाखवा. मी विचारलं, ही गोष्ट आहे कोणाची? त्यावर त्यांनी डोळे मिटून मान हलवली. एका क्लायंटची आहे, नाव सांगणं आमच्या धंद्याच्या नीतीत बसत नाही. नीती हा शब्द त्यांनी न अडखळता उच्चारला.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत इंगवले कास्टिंग्ज नावाची फाउंड्री आहे. जुनी, चांगली चाललेली. तिथली प्रमुखाची जागा रिकामी झाली आहे आणि अजून बाजारात कोणाला कुणकुण नाही. "फक्त तुम्हाला सांगतोय," ते म्हणाले. मालक जुन्या वळणाचे आहेत, तिथे भट्टीची गोष्ट अचूक बसेल, असंही म्हणाले. मग आम्ही तालीम केली. ते मालक झाले आणि मी मी झालो. चष्मा मी दोनदा लवकर काढला, त्याबद्दल बोलणी खाल्ली. निळा शर्ट आणि मरून टाय ठरला.

सुनेत्राने सकाळी टायची गाठ सारखी केली. "कसली भट्टी आणि कसलं काय," ती म्हणाली. "तुला येतं ते सांग ना. तिथे जाऊन पोपटपंची करू नकोस." मला राग आला. मला जे येत होतं ते गेले कित्येक महिने कोणी ऐकायला तयार नव्हतं.

इंगवल्यांच्या ऑफिसात बाहेरच्या खोलीत बाकावर दोन माणसं बसली होती. निळा शर्ट, मरून टाय. एक परुळेकर आणि एक लिमये. दोघंही आमच्या क्लिनिकचे.

क्लिनिकचा आणखी एक नियम होता, की बाहेर भेटल्यावर ओळख दाखवायची नाही. तो आम्ही तिघांनी तंतोतंत पाळला. मी दोघांना मान लववली आणि शेजारी बसलो. परुळेकर खिडकीबाहेर बघत होता. लिमयेच्या नाकावर चष्मा होता. या माणसाला मी सहा महिने ओळखत होतो आणि त्याच्या डोळ्यांवर कधी काच पाहिली नव्हती. त्याने माझी नजर ओळखली आणि तोंड फिरवलं. तेव्हा मला कळलं, भट्टीची गोष्ट यालाही दिलेली आहे. चहा घेऊन आलेल्या शिपायाने आम्हा तिघांना एकदा न्याहाळलं आणि आपण एकाच कंपनीतनं आलात काय, असं अगदी अदबीने विचारलं.

तिथेच उठून परतीची गाडी धरायला हवी होती, असं कोणीही म्हणेल. पण मी बसून राहिलो. दुसरी जागा नव्हती, बोलावणं नव्हतं, आणि घरी जाऊन सुनेत्राला सांगायला काही नव्हतं. मी मनाशी म्हटलं, कदाचित परुळेकरला दुसरी गोष्ट दिली असेल.

परुळेकर आत गेला आणि लवकर बाहेर आला. कान लाल. कोणाकडे न बघता त्याने फोल्डर उचललं आणि तो गेला. मग लिमये गेला. तो त्याहून लवकर बाहेर आला. त्याने चष्मा डोळ्यांवरून काढून खिशात घातला आणि जाताना माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मला वाटलं, हा आता क्लिनिकचा नियम मोडणार. पण नाही मोडला. शिकलेला माणूस होता.

मला आत बोलावलं. तात्या इंगवले सत्तरीचे, रुंद हाडाचे, पांढरा शर्ट आणि पायात कोल्हापुरी. टेबलावर कागद नव्हता, पेन नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यावर एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा कागद दाबायला ठेवला होता, पण दाबायला कागदच नव्हते. मागे खिडकीतून फाउंड्रीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

"बसा की," ते म्हणाले. त्यांनी माझं सगळं विचारून घेतलं. कुठं होता, काय केलं, किती माणसं हाताखाली होती. मी स्वच्छ उत्तरं दिली आणि मला बरं वाटू लागलं. मग त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि विचारलं, कधी काही चुकलं असेल तर सांगा.

मी सुरुवात केली. आधीच्या नोकरीत आमच्याकडे एक लहान भट्टी होती, असं म्हणालो. जुना माणूस आला, अस्तर झिजलं, मी ऐकलं नाही, धातू फुटला. तात्या डोळे अर्धे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी कोणता पाय भाजला ते विचारलं. पाय कोणता, हे बेहेऱ्यांनी सांगितलं नव्हतं. मी डावा म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"मग तुम्ही गेलासा त्याच्या घरी," ते म्हणाले.

"हो."

"म्हातारीफुडं हात जोडलासा."

"हो."

"आता चष्मा काढणार न्हवं?"

माझा हात चष्म्याच्या दांडीपर्यंत गेला होता. तो मी खाली घेतला. तो कुठे ठेवावा हे कळेना.

"काढा की, काढा," तात्या शांतपणे म्हणाले. "सकाळधरनं दोघांनी काढला. बरं, मला एक सांगा. दारात म्हैस बांधली होती, ती बघितलासा काय?"

"म्हैस?" मी म्हणालो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हशीचं मला कोणी सांगितलं नाही."

मग तात्या हसायला लागले. ते हसणं चांगल्या मनाचं नव्हतं. पोट गदगदा हलत होतं आणि डोळे मात्र माझ्यावर रोखलेले होते. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. जन्मात मी असा कोणापुढे उघडा पडलो नव्हतो.

हसून झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. ती भट्टी खिडकीबाहेरच्या त्या छपराखालची. पाय भाजला तो त्यांच्या मामेभावाचा, दत्तूचा, आणि उजवा. न ऐकणारे साहेब म्हणजे त्यांचे आधीचे प्रमुख साळगावकर. ते साळगावकर पुण्याला कुठल्याशा क्लासला जायला लागले, आणि बघता बघता गुजरातेत मोठ्या कंपनीत लागले. जागा रिकामी झाली ती अशी.

म्हणजे बेहेऱ्यांनी साळगावकरांना इथून उठवलं होतं, म्हणून त्यांना या जागेची आधी कुणकुण लागली होती. साळगावकरांची गोष्ट त्यांनी आम्हा तिघांना वाटली, आणि ती सांगायला आम्हाला साळगावकरांच्याच खुर्चीसाठी, त्याच मालकापुढे पाठवलं. ज्या घरी चोरी केली त्याच घरी ते भांडी विकायला बसले होते, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी लबाड माणसं पुष्कळ पाहिली आहेत. इतका आळशी लबाड पाहिला नव्हता.

"आणि दत्तूच्या दारात म्हैस न्हाईच," तात्या पुढे म्हणाले. "कधीच नव्हती. पहिलं साहेब म्हणालं, व्हय, बघितली. दुसरं म्हणालं, म्हातारी धार काढत होती." ते थांबले. आवाज बदलला. "आणि साळगावकर गेलंच न्हवतं त्याच्या घरी. एक दिवस न्हाई. मी गेलतो. हात मी जोडलंय."

मी उठलो. माफी मागावी, असं वाटलं, पण तीही आता पाठ केलेलीच वाटली असती. मी फोल्डर काखेत घेतलं तेव्हा तात्यांनी विचारलं, नोकरी का सोडलासा? स्थित्यंतर हा शब्द माझ्या जिभेवर आला. इतक्या महिन्यांची सवय. पण त्या माणसापुढे तो उच्चारायची मला किळस आली.

"सोडली नाही," मी म्हणालो. "मला काढलं."

"कशापायी?"

मग मी उभ्याउभ्याच त्यांना मशिनची गोष्ट सांगितली. हट्ट सांगितला, खालची माणसं नको म्हणत होती ते सांगितलं. ताडपत्री सांगितली. पुढे काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढे काही नाही, मशिन तिथे आहे आणि मी इथे.

तात्या उठले आणि खिडकीशी गेले. मला बोटाने जवळ बोलावलं. छपराच्या पलीकडे भिंतीला लागून दोन ढिगारे होते. दोन्हीवर ताडपत्र्या, वर दगड ठेवलेले.

"एक माझ्या हट्टाचं, एक पोराच्या," ते म्हणाले. "बसा. च्या सांगतो."

चहा आला तो एकच कप. तात्यांनी स्वतः घेतला आणि मी त्यांच्यासमोर बसून होतो. त्यांचा राग गेलेला नव्हता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. पहिल्या तारखेपासून या, असं त्यांनी कप खाली ठेवताना सांगितलं. दत्तूच्या घरी जाऊन आधी त्याला भेटायचं, हीच एक अट घातली. मी गेलो. दारात म्हैस नव्हती.

मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी बेहेऱ्यांचा फोन आला; जागा मला मिळाल्याचं त्यांना कुठूनसं कळलं होतं. पेढे कधी देताय, असा आवाज होता. त्यांच्या क्लिनिकचा आणखी एक विजय झाला होता. मी तोंड सोडलं. आयुष्यात कोणाला इतकं बोललो नसेन. एका दमात सगळं ओकलो. चष्मा, म्हैस, तात्यांचं हसणं, मला काढलं हे वाक्य, दोन ताडपत्र्या. माणसांच्या भाजलेल्या पायावर तुम्ही धंदा करता, असंही म्हणालो. पलीकडून एक शब्द नाही. मला वाटलं, निदान शरमेने गप्प बसले असतील.

"टिपणीस," शेवटी ते म्हणाले, "जरा सावकाश. म्हशीनंतर तुम्ही नक्की काय म्हणालात?"

मी फोन आपटला. तेव्हा मला तो नुसता निर्लज्जपणा वाटला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तात्या ऐंशीच्या पुढे गेले, कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसतात, आणि मुलाखती मी घेतो. मलाही आता थांबायचं आहे. गेल्या महिन्यात माझ्या जागेसाठी पुण्याहून एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, हुशार, कामाचं सगळं नीट सांगणारे. मला पसंत पडत चालले होते. मी सवयीने विचारलं, कधी काही चुकलं असेल तर सांगा.

ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, सांगायला लाज वाटते, पण एकदा एका मुलाखतीत मी दुसऱ्याची गोष्ट माझी म्हणून सांगितली. मालकांनी मला मधेच थांबवून विचारलं, दारात म्हैस होती का? आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

मी पेन खाली ठेवलं. ते बोलत राहिले. घाम आला, उठलो, मालकांनी विचारलं नोकरी का सोडलीत. इथे ते थांबले. त्यांनी सावकाश चष्मा काढला.

"मी म्हणालो, सोडली नाही सर. मला काढलं."

त्या दिवशी त्या खोलीत मी एकच वाक्य माझं बोललो होतो. तेही गेलं होतं बाणेरला, लंबगोल टेबलावर. न जाणो किती निळे शर्ट ते पाठ करून गावोगाव फिरत होते, आणि किती ठिकाणी त्याला भुलून माना डोलावल्या गेल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोरच्या माणसावर रागवावं, तर काढलेला चष्मा तो बोटांत उगीच फिरवत होता, आणि ते तालमीतलं नव्हतं. त्यालाही दुसरं बोलावणं नसणार.

ते पुढे मशिनवर आले, ताडपत्रीवर आले, खिडकीवर आले. शेवटी मालकांनी मला बसवून घेतलं, असं म्हणून त्यांनी चष्मा परत घातला.

"आणि तुम्हाला चहा पाजला," मी म्हणालो.

"हो सर. स्वतःच्या हाताने दिला."

कोपऱ्यातल्या खुर्चीत तात्यांनी डोळे उघडले.

"न्हाई ओ," ते म्हणाले. "च्या मी एकट्यानंच प्यालतो."